आत्याचं उद्यापन आणि गोठ्यावरचा भोपळा

ज्या वर्षी मी स्वावलंबी झालो, त्या वर्षी आमच्या घरात सगळेच थोडेथोडे बारीक झाले.

मी तेव्हा कर्जत स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होतो. घाट चढायचा म्हणजे गाडीला मागून ढकलायला आणखी इंजिन लागे, आणि ते जोडून होईपर्यंत गाडी आमच्याकडे निवांत उभी राही. अशाच एका उभ्या गाडीतून पुण्याला निघालेले एक व्याख्याते पाय मोकळे करायला फलाटावर उतरले. (व्याख्यात्यांचे पाय मोकळे झाले की त्यांची जीभही मोकळी होते!) आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते मलाच म्हणाले, "जो गृहस्थ घरामागे जागा असून भाजी विकत घेतो, तो गुलाम होय!" एवढं बोलून ते गाडीत बसले आणि गाडी सुटली. गुलाम फलाटावर राहिला.

संध्याकाळी घरी गेल्यागेल्या मी पायांतले जोडेही न काढता जाहीर केलं, "आजपासून या घरात बाजारची भाजी येणार नाही!"

"मग कुठली येणार?" आमच्या सौभाग्यवतीनं चुलीपुढून विचारलं.

"आपल्या परसातली."

"परसात काय आहे?"

मी मागच्या दारातून पाहिलं. परसात तुळस होती, वाळत घातलेलं धोतर होतं, आणि मोरीच्या पाण्यावर आपोआप माजलेलं अळू होतं.

"नाही, पण होईल!" मी म्हणालो.

"होईल तेव्हा होईल हो. आज काय करू?"

मोठे विचार मांडणाऱ्या माणसाला बायकांनी असले प्रश्न विचारू नयेत. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं. पुढेही बरेच दिवस पिठलंच खाल्लं.

घरात आम्ही तीन माणसं. मी, ही, आणि माझी आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणी मी पोरका झालो तेव्हा तिनंच मला वाढवलं, त्यामुळे माझी किंमत तिला नेमकी ठाऊक होती. जपमाळ न थांबवता ती म्हणाली, "विसू, गवत आणि भाजी यांतला फरक तुला कळतो का रे?"

मी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्याच दिवशी कुदळ आणली.

आमच्या कुडाच्या कुंपणापलीकडे गोमा राहत असे. घरचं शेत, बैलांची जोडी, आणि कुंपणाला अगदी चिकटून गवतानं शाकारलेला बैलांचा गोठा. माझी कुदळ दगडावर आपटून वाजू लागली तसा तो कुंपणावरून डोकावला.

"काय बाबू, काय पुरताय काय?"

"पुरत नाही. बाग करतोय!"

"आवं मंग माजी जोडी आनतो की. हां हां म्हनता नांगरून देतो."

"नको! स्वावलंबन!" मी छाती पुढे काढून म्हणालो. त्या वेळी हाताला आलेले फोड मी पाठीमागे धरले होते. गोमानं माझ्याकडे पाहिलं आणि तो बैलांना वैरण घालायला गेला. बैलही माझ्याकडे पाहत होते, असं मला वाटलं.

आता माझ्या शेतीबद्दल. गावात तिच्याविषयी जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे. मी भर पावसात झारीनं झाडांना पाणी घालत असे, हे खरं आहे. पण तेव्हा डोक्यावर छत्री असे, हे कुणी सांगत नाही! मेथी समजून मी टाकळ्याच्या रानरोपांना काट्यांचं कुंपण केलं, हेही खरं आहे. आता टाकळा हे कर्जतच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना कुणी न लावता येणारं तण, पण माझ्याइतक्या मायेनं त्याला आजवर कुणी वाढवलं नव्हतं. आळीतल्या बायका तो कुंपणातला टाकळा बघायला मुद्दाम वाट वाकडी करून येत.

आणि वरवंट्याचं तर अगदीच साधं झालं. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, हे मी ऐकलं होतं. केवढा दगड, हे ऐकलं नव्हतं. सकाळी ही घरभर शोधत होती.

"अहो, पाट्यावरचा वरवंटा कुठं गेला हो?"

"मांडवावर आहे."

"मांडवावर?"

"पडवळाला बांधलाय!"

दोघं मिळून परसात गेलो, तर वरवंटा, पडवळ, वेल आणि मांडव हे सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून चिखलात झोपले होते. पडवळ मात्र सरळ झालं होतं, हे नमूद करायला हवं.

तरीही श्रावणात माझ्या परसाला थोडं यश आलं. भेंडी लागली. दोडकी लोंबू लागली. काकडीच्या पानांआड काकड्या सापडू लागल्या. आणि आत्यानं एके दिवशी जपमाळ थांबवून विचारलं, "विसू, या वाफ्यांना खरंच बैल लागला नाही ना रे?"

"नाही आत्या! एकेक ढेकूळ या हातांनी फोडलंय!"

"मग यंदाची ऋषीची भाजी तुझ्या परसातली."

ऋषिपंचमीला आमच्याकडच्या बायका बैलाच्या श्रमाचं अन्न खात नाहीत. वर्षभर जो आपल्यासाठी राबतो, त्याच्या कष्टाचा घास निदान त्या एका दिवशी नको. म्हणून नांगरटीचा भात नाही, नांगरटीची भाजी नाही. माणसानं हातानं पिकवलेलं तेवढं चालतं. एरवी ही भाजी घाटाखालच्या वाडीतली ठाकरीण डोंगरउतारावरून घेऊन येत असे. पण यंदाचं वर्ष वेगळं होतं. आत्यानं घेतलेलं हे व्रत यंदा पुरं होत होतं आणि ऋषिपंचमीला त्याचं उद्यापन होतं. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचा एक घास जरी पोटात गेला, तरी केलेलं सगळं फुकट. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

"आणि पुन्हा सुरुवात करायला मला काय मार्कंडेयाचं आयुष्य आहे?" आत्या म्हणे.

अशा उद्यापनाची भाजी तिनं माझ्यावर सोपवली! मुंज झाल्यापासून आत्यानं माझ्यावर पहिल्यांदाच काही सोपवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी परसात जाऊन, पाऊस पडत असूनही, सगळ्या झाडांना पुन्हा एकदा पाणी घातलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ठाकरीण पाटी घेऊन दारात आली. "दादा, कंदमुळं हायत, चवळी हाय, आंबाडी हाय. ऋषीला घ्या की."

"यंदा नको! आमचं घरचं आहे."

तिनं मान लांब करून परसाकडे पाहिलं, कुंपणातला टाकळा पाहिला आणि तोंडावर पदर धरला. "बरं दादा," म्हणाली, "मी परवा याच वाटंनं जाईन." आणि पाटी उचलून पुढच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. आम्ही ओटीवर टाळ कुटून मोठ्यानं आरती म्हणत होतो, तेव्हा परसात माकडं उतरली. आमचे टाळ चालू आहेत तोवर आपल्याला भीती नाही, हे त्या जनावरांना बरोबर समजलं असावं. आरत्या आम्हांला बऱ्याच येतात, आणि मी तर भर घालून एक जास्तीची म्हटली! प्रसाद वाटून मागे गेलो तर भेंडी नाही, दोडकी नाहीत, काकड्या नाहीत. माझ्या लागवडीतला माकडांनी फक्त टाकळा ठेवला होता. त्यांनाही गवत आणि भाजी यांतला फरक कळत होता.

आत्या उद्या काय खाणार? वरीचे तांदूळ होते, मोरीवरचं अळू होतं. पण उद्यापनाला बायका बोलावलेल्या, आणि अळूच्या चार पानांत काय होणार?

"अहो, भोपळा आहे की," ही म्हणाली.

हो, भोपळा होता! पावसाच्या सुरुवातीला हिनं राखेबरोबर कुंपणाशी फेकलेल्या बियांतून एक वेल आपला आपणच आला होता. मी त्याला हात लावला नव्हता म्हणून तो जोमानं वाढला होता. कुंपण ओलांडून तो गोमाच्या गोठ्यावर चढला होता, आणि गोठ्याच्या छपरावर मधोमध, गवतात बैठक मारून, एक लालबुंद भोपळा बसला होता. मामलेदारानं कचेरीत बसावं तसा!

पंचमीच्या सकाळी बायका नदीवरून आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, आंघोळी करून, सोवळ्यानं आमच्या मागल्या पडवीत जमल्या. त्यांत गोदूकाकू होत्या. गोदूकाकू म्हणजे आमच्या आळीतल्या सोवळ्याओवळ्याच्या हायकोर्ट. त्यांनी भोपळा पाहिला, मग भोपळ्याखालचा गोठा पाहिला.

"अगं बाई! हा तर बैलांच्या डोक्यावर वाढलाय!"

"डोक्यावर म्हणजे छपरावर," मी म्हणालो. "खाली बैल नुसते झोपतात."

"पण बैलांचा गोठा तो बैलांचा गोठा."

कुंपणापलीकडून गोमानं तोंड घातलं. "काकू, लावनी झाल्यापासनं माजे बैल बसून खातायत. त्यांचे सोताचे श्रम होत नायत, ते भोपल्याला कुठनं देतील?"

आत्यानं मान हलवली. "झोप म्हणजे श्रम नव्हेत. बी इथलं, मूळ इथलं. भोपळा चालेल. विसू, काढून आण. आणि पहिली सुरी तूच लाव." सबंध भोपळा बायकांनी फोडायचा नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा, ही आमच्याकडची पद्धत. माझ्यावाचून अडणारं घरातलं ते एकच काम असल्यामुळे मी ते कधी चुकवत नसे.

मी शिडी लावली. गोमा धावत आला. "बाबू, तुमी नका चढू. मधला वासा कुजलाय. थांबा, मी काडतो."

"नको! स्वावलंबन!"

"आवं पन वासा—"

मी चढलो. छपरावरून रांगत मधोमध गेलो. देठ कापला, भोपळा दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि पडवीतल्या बायकांना दिसावा म्हणून उभा राहिलो! हे उभं राहणं गरजेचं होतं का, असं ही मला अजून विचारते. नव्हतं. पण आत्या बघत होती.

वासा म्हणाला कट्.

खाली पवळ्या होता. गोमाच्या जोडीतला हा थोरला बैल, स्वभावानं अतिशय शांत, गावातली पोरं त्याच्या शेपटीशी खेळत. त्या वेळी तो डोळे मिटून रवंथ करत होता. अशा बैलाच्या पाठीवर आकाशातून गवत, वासा, कारकून आणि भोपळा एकदम पडले, तर त्यानं काय करावं? त्यानं दावं तोडलं आणि तो निघाला.

मी बैलावर बसलो होतो असं म्हणणं बरोबर नाही. मी बैलावर होतो, इतकंच. त्यातून माझं तोंड शेपटीकडे होतं. त्यामुळे आपण कुठं चाललोय ते मला दिसत नव्हतं. काय काय मोडून आलोय ते मात्र स्वच्छ दिसत होतं. गोठ्याचं दार मागे गेलं. कुंपण मागे गेलं, त्यातलं थोडं माझ्या धोतराबरोबर आलं. मग माझे वाफे एकेक करून मागे जाऊ लागले, आणि प्रत्येकातून पवळ्याची नांगरट झालेली होती. अळूही गेलं. मायेनं वाढवलेला टाकळा कुंपणासकट गेला.

"सोडा! बाबू, भोपला सोडा आनि शेपूट धरा!" मागून गोमा ओरडत येत होता.

भोपळा सोडणं शक्यच नव्हतं! त्या भोपळ्यात आत्याचं सगळं व्रत होतं. मी शेपटीकडे न बघता भोपळा आणखी घट्ट धरला. तुळशीला प्रदक्षिणा झाली. (एकच, पण पूर्ण.) पडवीतल्या बायका किंचाळून, सोवळी सावरत, भिंतीला चिकटल्या. आणि मग पवळ्या एकाएकी थांबला. पडवीच्या कडेला पूजेसाठी दूर्वा आणि पत्री ठेवली होती. त्यानं मान खाली घालून ती शांतपणे खायला सुरुवात केली.

मी बैलावरून घसरत, भोपळ्यासकट आत्याच्या पुढ्यात उभा राहिलो. डोक्यात गवत होतं, धोतराची दशा झाली होती. पण भोपळ्याला ओरखडासुद्धा नव्हता! मी तो तिच्यापुढे धरला. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

"आत्या, भोपळा!"

"बैलावरून आणला!" गोदूकाकू भिंतीपासून म्हणाल्या. "बैलानं वाहून आणला म्हणजे बैलाचे श्रम झाले! आता हा कसा चालेल?"

पडवीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं, श्रम पिकवण्याचे धरायचे, वाहण्याचे नाहीत. कुणी म्हणालं, मग भाताच्या गाडीचं काय? मी म्हणालो, "मी बैलाला पळ म्हटलं नव्हतं! तो त्याच्या मर्जीनं आला!" गोमा धापा टाकत म्हणाला, "श्रम कसले, काकू? जलमात पयल्यांदा त्याला मजा आली आसंल!" ही माझ्या कोपराचं रक्त पुसत होती आणि पदरात तोंड लपवून हसत होती, दोन्ही एकदम. आणि मला आत्याकडे बघवत नव्हतं. सकाळपासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. परसात आता हिरवं असं काहीच उरलं नव्हतं. माझ्या स्वावलंबनानं तिला ऐन उद्यापनाला उपाशी ठेवलं होतं, आणि भोपळा खावा तर ते व्रत पुन्हा पहिल्यापासून!

"गप्प बसा गं सगळ्या," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "विसू, बैल पळत होता तेव्हा भोपळा कुठं होता?"

"माझ्या पोटाशी."

"बैलाच्या पाठीला टेकला?"

"नाही आत्या! एकदासुद्धा नाही. दोन्ही हातांनी उचलून धरला होता."

"तू म्हणतोस. कुणी पाहिलं?"

"म्या पायलं," गोमा म्हणाला. "सोडा म्हनत हुतो, पन सोडंनात. लेकरू धरावं तसा धरलावता."

"म्हणजे भोपळा तू वाहिलास," आत्या मला म्हणाली.

"हो!"

"आणि तुला कुणी वाहिलं?"

मी पवळ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडातून आघाड्याची एक काडी बाहेर आली होती.

"झालं तर," आत्या म्हणाली. "भोपळ्याला बैलाचे श्रम लागलेले नाहीत. भोपळा चालेल. बैलाचे श्रम लागलेत ते ह्याला. हा चालणार नाही. ह्याला बाहेर काढा."

माझे हातच गळाले. भोपळा पायरीवर पडला आणि त्याच्या चांगल्या दोन फाका झाल्या.

"फोडलासही? बरं झालं," आत्या म्हणाली. "आता जा."

गोदूकाकूंनी मान डोलावली. हा निकाल शास्त्राला धरून आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी याआधी एखादा निकाल मान्य केल्याचं आळीतल्या कुणाला आठवत नव्हतं.

दुपारभर मी गोमाबरोबर गोठ्याच्या छपरावर बसून नवीन वासा बांधत होतो. खालून भोपळ्याच्या भाजीचा वास येत होता. पवळ्या खाली बसून रवंथ करत होता, आणि आता मधूनमधून एक डोळा उघडून वर बघत होता. सवाष्णींची पंगत उठल्यावर ही कुंपणाच्या भगदाडातून आली. हातात वाटी होती.

"आत्या जेवल्या?" मी वरूनच विचारलं.

"पोटभर! भाजी पुन्हा मागून घेतली. म्हणाल्या, विसूच्या हातचा भोपळा गोड निघाला हो." मग तिनं वाटी वर केली. "हे घ्या. पोहे आहेत. बैलाच्या श्रमाचे आहेत, तुम्हांला चालतील."

इतके चांगले पोहे मी त्याआधी खाल्ले नव्हते. छपरावर बसून मी ते खाल्ले, गोमानं विडी पेटवली, समोर माथेरानच्या डोंगरावर ढग उतरत होते, आणि उद्यापन निर्विघ्न पार पडलं होतं. तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन ठाकरीण वाटेनं आली. माझा नांगरलेला परस पाहून ती थबकली. "आता कसं, दादा," म्हणाली, "आता जमीन बरी झाली!" पुढच्या बाजारापासून आमच्याकडे पुन्हा भाजी येऊ लागली, आणि ती आणायला आत्यानं मलाच पाठवलं.

आत्या पुढं बरीच वर्षं जगली. उद्यापन झालं तरी तिनं ऋषिपंचमी सोडली नाही. दर वर्षी पानं मांडून झाली की ती पाटावर बसायच्या आधी हिला सगळ्यांदेखत विचारायची, "भाजी हातची आहे ना गं?"

"हो, आत्या."

"आणि विसू पायीच आलाय ना?"